मागचं दार

“बाई, गोष्ट बंद करा आणि स्लाइडवर या!”

साहेबांचा आवाज हेडफोनमध्ये कडाडला. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पंचवीस वर्षं अग्निशमन दलात काढलेल्या बाई त्या, आवाजाला कसल्या भितात! आता त्या घरातल्या टेबलाशी बसून कारखान्यांच्या सुपरवायझरांना आगीपासून बचावाचा ऑनलाइन कोर्स शिकवत होत्या. साहेब कोर्स चालवणाऱ्या कंपनीचे. सकाळीच त्यांनी बजावलं होतं, “चौऱ्याऐंशी स्लाइड वाचायच्या. गोष्टी सांगत बसलात, तर उद्यापासून येऊ नका.”

बारा स्लाइड बाईंनी निमूट वाचल्या. पडद्यावर सदतीस विद्यार्थी, म्हणजे सदतीस काळ्या चौकटी. एक पठ्ठ्या तर चक्क घोरत होता. बाईंचं डोकं फिरलं. उद्या यांच्या भरवशावर शेकडो माणसं कामाला उभी राहणार, आणि हे झोपलेत! गेली नोकरी तर गेली खड्ड्यात. तेराव्या स्लाइडला त्यांनी गोष्टच सुरू केली होती.

“तर त्या गोदामाला मागे एक दार होतं,” साहेबांना न जुमानता त्या पुढे म्हणाल्या. “दारापुढे लोखंडी कपाट. कामावरच्या बायका सांगून थकल्या, कपाट हलवा. मॅनेजरचं एकच, ‘दोन दिवसांपुरतंच ठेवलंय.’ आग लागली तेव्हा त्याला आठ महिने झाले होते. आम्ही आत शिरलो. चौघी त्या कपाटाला टेकलेल्याच सापडल्या.”

एक चौकट उजळली. मग दुसरी. घोरणाराही डोळे चोळत पडद्यावर आला. बघता बघता सगळेच चेहरे दिसू लागले.

साहेबांचं गोष्टीकडे लक्षच नव्हतं. ते बाईंना काढून टाकल्याचं पत्र टाइप करत होते. ते संपवून त्यांनी तणतणत कॅमेरा लावला. त्यांच्या मागच्या भिंतीवर हिरवी पाटी होती, पळणारा माणूस आणि बाण. पाटीखाली दार. दारापुढे लोखंडी कपाट, वर फायलींचा ढीग.

“साहेब, आधी मागे वळून बघा,” बाई म्हणाल्या.

“मला शिकवू नका!” साहेबांनी त्यांचा माइकच बंद केला.

तोच घोरणारा ओरडला, “साहेब, कपाट!” मग सदतीस जण एकदम ओरडायला लागले, “कपाट हलवा, साहेब! कपाट!”

साहेब दचकून वळले. त्यांनी पाटी पाहिली, कपाट पाहिलं, आणि वैतागून म्हणाले, “हे होय? अहो, हे दोन दिवसांपुरतंच ठेवलंय.”