स्क्रूचा अर्धा पिळा

“प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, चिकटणारा ब्रेक सोडवला, तरी गाडी पेट्रोल पितेच आहे.” इस्माईल मिस्त्रीनं बॉनेटखालून मान बाहेर काढली. “अण्णा, उभ्या गाडीतसुद्धा इंजिन केवढं रोरावतंय! इंजिनचा वेग वाढवायचा हा स्क्रू कुणी पिळून ठेवलाय?”

“मीच.”

स्क्रू पिळला तेव्हा अण्णा आठवड्यातून दोनदा बायकोला डायलिसिससाठी मिरजेला नेत. एकदा रेल्वे फाटकात गाडी बंद पडली. अण्णा चावी फिरवत राहिले आणि ती, तसल्या सुजलेल्या पायांनी, गुपचूप उतरून मागून धक्का मारायला लागली. त्याच संध्याकाळी अण्णांनी स्क्रू पिळला. जळू दे पेट्रोल, पण गाडी पुन्हा बंद पडायला नको.

हे ऐकून मिस्त्रीनं स्क्रूवरचा हात काढला. गेल्या वर्षी काकूंच्या मातीला तोही होता. “मग राहू दे तसाच?”

“नको, कर कमी. उद्यापासून गाडी पुतणीची. शाळेत शिकवायला रोज साठ किलोमीटर जाते पोर. तिनं कशाला जाळायचं?”

स्क्रू अर्धा पिळा मागे फिरला. इंजिन इतकं हळू झालं, की अण्णांना कान देऊन ऐकावं लागलं.

घरी जाताना रेल्वे फाटक बंद होतं. गाडी थांबली आणि इंजिननं आचका दिला. चावी फिरवायच्या आधी अण्णांचा डावा हात शेजारच्या सीटसमोर आडवा गेला. सीटवर फक्त नव्या फिल्टरचा रिकामा खोका होता.

“तू उतरू नको हां,” ते म्हणाले. “मी बघतो.”