पहिलं बटण

एंटर दाबल्यावर निरोप जातो कुठे, ते मेधाला पाया लेबार भागातल्या, वेबसाइट बनवणाऱ्या तिच्या ऑफिसात दुपारी सापडलं. वृद्धांना सांभाळणाऱ्या एका नर्सिंग होमची तक्रार होती, घरच्यांनी वेबसाइटवर लिहिलेले निरोप पोचत नाहीत. सगळ्या पानांना एकच टेम्प्लेट, आणि त्यात अगदी वर 'शोधा'चं बटण. निरोपाचं 'पाठवा' पार खाली. एंटर दाबलं की ब्राउझर पहिलंच बटण धरायचा. पान लुकलुकायचं, चौकट रिकामी व्हायची, निरोप तिथेच विरायचा.

एंटरला 'पाठवा'च चालावं, असं तिने करून दिलं. दोन ओळींचं काम.

मग तिला मनोहरकाका आठवले. दोन महिन्यांपूर्वी ते मरीन परेडला तिच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायला आले होते. राधिकाकाकू याच नर्सिंग होममध्ये असतात, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि काकांचे गुडघे गेलेले, त्यामुळे भेटायला जाणं नाही. रोज आंघोळ झाली की ते काकूंना निरोप लिहीत. उत्तर आलं का विचारलं, तर म्हणत, तिथे ठेवलं म्हणून रुसलीय, बोलत नाही.

दिवसाकाठी एक तरी काम दुसऱ्यासाठी केल्याशिवाय जेवायचं नाही, असा मेधाचा नेम होता. आजचं काम देवानेच हातात ठेवलं म्हणायचं. ऑफिसातून ती थेट त्यांच्याकडे गेली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे एकही पोचला नाही?"

"एकही नाही. माउसने खालचं बटण दाबलं असतंत तर गेला असता."

"हं."

"काकू रुसलेल्या नाहीत, काका. त्यांना कळलंच नाही. आता एंटर दाबलं तरी जाईल."

"उद्या लिहितो."

"आत्ताच लिहा ना. नाहीतर मला उपाशी झोपावं लागेल."

तिचा नेम काकांना ठाऊक होता, त्यांना नाही म्हणवेना. कढीपत्त्याला नवी पालवी आलीय, एवढंच त्यांनी लिहिलं आणि एंटर दाबलं.

या वेळी पान लुकलुकलं नाही. मेधाने वाकून वाचलं. राधिका यांचं जानेवारीत निधन झालं आहे, निरोप स्वीकारता येत नाही.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जा, जेवून घे, बाळ. ती गेल्यावर पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा मी माउसनेच 'पाठवा' दाबलं होतं. हेच आलं. त्यानंतर रोज एंटरच दाबायचो, नुसतं पान लुकलुकायचं."