परत न येणारा सांधा

"थोडा आवाज राहू द्या," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीने तोंडावरची काळी काच वर केली. गाड्यांचे सायलेन्सर जोडण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कुणाला गाडी वाघासारखी हवी असायची, कुणाला मांजरासारखी. एकाला दोन्ही हवं होतं, आळीपाळीने. पण चांगल्या कामात मुद्दाम खोट ठेवा, असं सांगायला आजवर कुणी आलं नव्हतं.

"कुठली गाडी?"

"ही. आमच्या ह्यांची."

ह्यांना मिस्त्रीने सकाळीच पाहिलं होतं. अतिशय सज्जन माणूस. गॅरेजमध्ये शिरताना पाय पुसून आत आला होता, आणि बाहेर पडतानाही पुसले होते, जे जास्त गरजेचं होतं. जुना पाइप गंजून फुटला होता. "गल्लीच्या तोंडाशी असतो तेव्हाच घरी कळतं, मी आलो म्हणून," साहेब म्हणाले होते. "गाडी अशी गप्प करा, की दारात येऊन उभी राहिली तरी पत्ता लागू नये." कामाची अशी कदर असलेलं गिऱ्हाईक सहसा मिळत नाही. मिस्त्रीने स्टेनलेसचा पाइप काढला आणि टिग वेल्डिंग करायचं ठरवलं.

मिग वेल्डिंगने काम झटपट उरकतं. बंदुकीतून तार आपोआप सुटते, सांधा भरतो, माणूस जेवायला मोकळा. टिगमध्ये तारही हाताने घालावी लागते, दोन्ही हात अडकतात आणि श्वासही. शिवाय स्टेनलेसचा पाइप आतूनही आर्गन गॅसने भरून ठेवावा लागतो. नाही तर सांधा बाहेरून चांदीसारखा दिसतो, आतून मात्र जळून खडबडीत होतो आणि हादऱ्यांनी तडकतो. मिस्त्रीने आतला गॅस कधी चुकवला नव्हता. "माझा सांधा परत येत नाही," हे तो स्वतःच्या नावाआधी सांगायचा. मुलीच्या शाळेत पालकांची ओळख करून घेतली, तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं. वर्गशिक्षिकेने ते लिहून घेतलं.

"वहिनी," तो म्हणाला, "समोर माझा मेहुणा बसतो. मिगवाला. त्याच्याकडे न्या. त्याला वेगळं सांगावंही लागणार नाही."

हा विनोद आजवर वाया गेला नव्हता. बाई हसल्या नाहीत.

"ह्यांना तुमचंच काम हवंय. फक्त वळणावर गाडी आली की मला कळावं. एवढंच."

मिस्त्री विरघळला. तो स्वतः घरी पोचायचा तेव्हा बायको टीव्हीकडे बघूनच "दार लाव" म्हणायची. आणि इथे एक बाई नवऱ्याच्या गाडीचा आवाज जपायला भर उन्हात चालत आली होती.

"साहेब यायच्या आत चहा टाकता वाटतं?"

"नाही."

"मग आरशासमोर?"

"नाही."

एकच सांधा उरला होता, सायलेन्सरच्या तोंडाचा. मिस्त्रीने पाइपची टोकं कागद आणि चिकटपट्टीने बंद केली, आत आर्गनची नळी खुपसली. "त्यापेक्षा साहेबांनाच सांगा ना, वळणावर हॉर्न मारत जा म्हणून. फुकटात काम."

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "एकदा."

त्यांनी डावी बाही मनगटापर्यंत ओढली. ती आधीच मनगटापर्यंत होती.

मिस्त्रीचा हात गॅसच्या कॉकवर होता. तोंड मात्र अजून सवयीने चालूच होतं. "पण वळणापासून दारापर्यंत अंतर ते किती? तेवढ्यात होतं तरी काय?"

"होतं. पोरीला शेजारी सोडून परत येता येतं."

"परत?"

"दोघीही घरात नसलो तर शोधायला निघतात."

समोर मेहुण्याकडे काहीतरी तडतडत होतं. मिस्त्रीने कॉक उघडला नाही. नळी ओढून काढली, गुंडाळली, खिळ्याला लावली. हे सगळं त्याने सावकाश केलं, कारण या कामाची हाताला सवय नव्हती.

"मागचा सांधा आहे," तो पाइपकडे बघत म्हणाला. "फुटला तरी धूर मागच्या मागे जाईल. माणसाला त्रास नाही. गाडी फक्त बोंबलेल."

"कधी?"

"जास्त तापवतो. तारही घालत नाही. पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकेल. तुमच्या वळणावर खड्डा आहे का, ताई?"

"दोन आहेत."

"मग झालं."

त्याने काच खाली घेतली. काचेआड माणसाचा चेहरा दिसत नाही, ही सोय त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आली. सांधा मात्र बाहेरून असा देखणा उतरला, की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी साहेब आले. पाय पुसले. गाडीखाली वाकून त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं, मग गाडी चालू केली. गाडी इतकी गप्प होती, की मिस्त्रीला खिळ्यावरची नळी हलताना ऐकू आली.

"वा. कुणाला कळायचंही नाही," साहेब म्हणाले. "तुमचा सांधा परत येत नाही म्हणे?"

"हा येईल," मिस्त्री म्हणाला. "रस्ते वाईट आहेत, साहेब. आला की माझ्याकडेच आणा. कितीदाही आणा. फक्त समोर नेऊ नका."

मेहुण्याचा काही भरवसा नव्हता. त्याचा सांधा एखाद वेळी टिकलाही असता.