निळी ताटली

दार वीतभरच उघडलं आणि आधी वास आला.

इन्शिराह भांडायच्या तयारीत होती. चौथ्या मजल्यावरून पाचव्यावर यायला एकच जिना, तेवढ्यात तिनं वाक्य घोटून ठेवलं होतं: "खाला, उद्या ईद आहे. कहकची बिस्किटं वाटायला माझ्याकडे ताटली उरली नाही, तेवढी माझी निळी द्या."

शेजाऱ्याकडून भरून आलेली ताटली रिकामी परत करायची नाही, हे अलेक्झांड्रियात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एतिदाल खालांनी ताटल्या परत करायचंच सोडलं होतं. हिवाळाभर जिन्यात तोच विषय. "मास्तरीणबाईंना आपल्या हातचं गिळत नसेल," दुसऱ्या मजल्यावरची निअमत म्हणायची, "जन्मभर पोरींना स्वयंपाक शिकवलाय ना!" रमजान लागला तेव्हा कुणीच वर काही पाठवलं नाही. इन्शिराहनंही नाही.

दारातल्या बाईला तिनं क्षणभर ओळखलंच नाही. खाला म्हणजे कडक इस्त्री आणि चापूनचोपून बांधलेला रुमाल. हिच्या केसांची जट झाली होती. गाऊन छातीवर मळानं ताठ झालेला. डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं, तेही कातडीला चिकटलेलं.

"डोळा लागला होता गं," खाला म्हणाल्या. "बरी आहे मी."

हेच वाक्य गेले कित्येक महिने बंद दाराआडून येत होतं, आणि ते ऐकून माणसं निमूट जिना उतरत होती.

इन्शिराह त्यांना ओलांडून स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर, टेबलावर, भिंतीला लागून जमिनीवर, नुसत्या ताटल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, वळणदार अक्षरात घराचं नाव. निअमतच्या भातावर हिरवी बुरशी चढली होती. तळमजल्यावरच्या मासळीकडे तर बघवेना. निळी ताटली मात्र कुठेच नव्हती.

"खाला, हे खाल्लं का नाही तुम्ही?"

"गॅस संपला. हातही थरथरतात. परत भरून द्यायला काही होईना, मग खायचं कुठल्या तोंडानं? म्हटलं, उद्या काहीतरी करीन."

"मग जगलात कशावर?"

"चहाची पूड होती की, गार पाण्यात भिजवायची. साखर होती."

खालांच्या बाल्कनीतल्या दोरीवर कपडे दिसेनासे झाले होते, ते इन्शिराहनं रोज खालून पाहिलं होतं. पाहून ती बाजारात गेली होती. तिनं फोन काढला.

"कुणाला बोलावू नकोस गं. आधी घर आवरते."

"आवरायचं राहू द्या! पाय बघितलात का स्वतःचा?"

खालांनी खाली पाहिलं. पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसं.

"किती दिवसांपासून हे असं आहे?" फोनवर डॉक्टरनं विचारलं. एक जिना खाली राहणाऱ्या इन्शिराहला तो प्रश्न खालांनाच विचारावा लागला.

रुग्णवाहिकेची दोन माणसं त्यांना खुर्चीत बसवून उतरवू लागली. मजल्यामजल्यावर दारं उघडली. पिठाच्या हातांनी बायका बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

चौथ्यावर खाला म्हणाल्या, "थांबा रे जरा." शालीतून त्यांनी निळी ताटली काढली. घासून लख्ख केलेली. मधोमध मूठभर साखर.

"घे. एवढीच उरली होती."

इन्शिराहनं ताटली दोन्ही हातांनी धरली. खुर्ची खाली निघाली. दुसऱ्यावर निअमत दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्याकडे पाहून खाला ओशाळल्या.

"निअमत, तुझी राहिली गं," त्या म्हणाल्या. "उद्या देते."