दुसऱ्या चालीचा वजीर

मी मुलांना बुद्धिबळ शिकवते. आधी घोडे बाहेर, मग राजा सुरक्षित, हल्ला शेवटी. बाबा दुसऱ्याच चालीला वजीर घेऊन माझ्या अंगावर यायचे आणि जिंकायचे. “नियम म्हणजे नियम, बाबा,” मी हरून वर त्यांनाच सुनवायचे. जन्मभर अँब्युलन्स चालवलेले बाबा हसायचे. “नियम सवड असलेल्यांसाठी, बाळा. मी सिग्नल पाळत बसलो असतो तर पेशंट वाटेतच गेले असते.” आज वजीर हातात असतानाच ते पटावर कोसळले. अँब्युलन्स लगेच आली. मी आत त्यांची घट्ट मूठ धरून बसले. वजीर तिच्यातच होता. चौकात गाडी थांबली. रस्ता मोकळा, सिग्नल लाल. “काढा ना पुढे,” मी काच बडवली. “नियम म्हणजे नियम, ताई,” ड्रायव्हर म्हणाला. सिग्नल हिरवा झाला तेव्हा मूठ सुटली होती. वजीर माझ्या हातात होता.