हुकस्ट्राबाईंच्या गप्पा

नळाच्या क्षारांवरचं जहाल औषध येल्टेने टबात ओतलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत टबाची पांढरी झिलई पोपडे धरून सुटली. तेवढ्यात जिन्यात घरमालकीण हुकस्ट्राबाईंची पावलं वाजली. आता घर सोडावं लागणार, या धास्तीने त्याने घाईघाईने औषध धुऊन टाकलं, टब पाण्याने भरला, पँटीसकट आत बसला आणि भरपूर फेस केला.

"मी आंघोळ करतोय," तो ओरडला.

"करा की. मी बसते," म्हणत बाई सरळ न्हाणीघरात आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि नातवंडांपासून कालव्यातल्या बदकांपर्यंत बोलतच राहिल्या. पाणी गार पडलं. फेस विरला. टबाचा तळ दिसताच बाई गप्प झाल्या.

"दिसलंच ना शेवटी?" त्या ओशाळून म्हणाल्या. "क्षार काढायच्या औषधाने टब मीच जाळला होता हो, तुम्ही राहायला यायच्या आधी. मग वरून रंग फासला. तुमचं लक्ष जाऊ नये म्हणून केव्हाची बडबडतेय."