फोन ठेवू नका

ती रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. गाडी दारात पोहोचेपर्यंत माणसाला धीर द्यायचा, पोहोचली की लाइन कट करून पुढचा फोन घ्यायचा, हा तिथला नियम. त्यामुळे पुढे काय झालं ते तिला कधीच कळत नाही. परवा एक बाई नवऱ्याला "उठा ना हो, उठा ना" म्हणत होती आणि तेवढ्यात गाडी पोहोचली. तो उठला का? भाजी चिरताना, केस विंचरताना ती बाई अजून कानात बोलत असते.

म्हणून घरी आल्या आल्या ती मोबाइल मुका करून कपाटात टॉवेलांखाली खुपसते. मैत्रिणींनी नाद सोडला. आई मात्र गेले तीन महिने रोज संध्याकाळी फोन करते आणि तो रोज टॉवेलांखाली थरथरून गप्प होतो.

आज त्यावर टॉवेल ओढताना मोबाइल हातातच थरथरला आणि तिने सवयीने उचलला.

"घाबरू नका, पत्ता सांगा. पेशंट श्वास घेतोय का?"

पलीकडून आईचा आवाज आला.

"घेतेय बाई अजून. आणि पत्ता तोच आहे, तू विसरली नसलीस तर."

तिच्या तोंडात बसलेलं वाक्यच बाहेर पडलं.

"फोन ठेवू नका. मी लाइनवर आहे."

"नाही ठेवत," आई म्हणाली. "तू दारात पोहोचेपर्यंत नाही ठेवत."